कोकणात पॅराग्लायडिंग शिकायचंय? आधी पुळणीवर वारा धरायला शिका

कोकणातल्या ज्या कुणाला उडायचं वेड लागतं, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या सड्यावरून (कड्यावरच्या सपाट कातळावरून) उडता येईल? आरे-वारेच्या रस्त्याने जाताना किंवा वेळणेश्वर-हेदवीच्या बाजूला समुद्रावर आलेले कडे पाहिले की हा प्रश्न पडणारच. माझं सांगणं असं की पहिलं वर्षभर सडा डोक्यातून काढून टाका. शिक्षण घाटावर घ्या, सराव आपल्या पुळणीवर करा आणि कड्याकडे सगळ्यात शेवटी वळा. मी या क्रमाबद्दल इतका आग्रही का आहे, ते पुढे वाऱ्याचं आणि वेगाचं गणित मांडलं की कळेल.

आधी नावांचा घोळ मिटवू

तारकर्ली, नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर बोटीच्या मागे दोर बांधून छत्री वर नेतात, ते पॅरासेलिंग. त्यात आपण प्रवासी असतो, शिकण्यासारखं काही नसतं. पॅराग्लायडरला ना बोट लागते ना इंजिन. नायलॉनच्या कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, पुढून हवा भरली की त्याचा पंख होतो आणि बारीक दोऱ्यांनी तो आपल्या हार्नेसला, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांच्या बैठकीला, जोडलेला असतो. सगळं सामान पाठीवरच्या एका पिशवीत मावतं, वजन साधारण 12 ते 20 किलो. फ्रान्समधल्या मिएसी या गावी 1978 मध्ये काही पॅराशूटवाल्यांनी डोंगरउतारावरून धावत उड्डाणं केली, तिथून हा खेळ पसरला.

हँग ग्लायडर त्याहून जुना. त्याला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो, आपण पालथे लटकतो आणि समोरच्या दांड्याला धरून शरीराचं वजन इकडेतिकडे सरकवत तो वळवतो. वजन 25 ते 35 किलो. पॅराग्लायडरपेक्षा वेग जास्त, वाऱ्यात टिकाव जास्त, पण वाहून नेणं अवघड. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. इंजिन पाठीवर घेऊन उडतात तो पॅरामोटर, तो या लेखात नाही.

एकदा टँडम करा

पैसे भरून कोर्सला जाण्याआधी एक टँडम उड्डाण करून बघा. मागे प्रशिक्षित पायलट, पुढे तुम्ही. उंचीवर गेल्यावर पोटात गोळा येतो का, हालत्या हवेत मळमळतं का, जमीन सुटल्यावर मन घाबरतं की मोकळं होतं, हे जमिनीवर बसून कळत नाही. आणि टेकऑफच्या वेळी पायलट किती वेळ नुसता वाऱ्याकडे बघत थांबतो, ते लक्ष देऊन बघा.

पाठीचं, गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. पोहता येत असलं तरी ती या खेळात सुरक्षिततेची हमी नाही. त्याचं कारण पुढे येईल.

शिक्षण कुठे आणि कसं

किनाऱ्यावरच्या माणसाला सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे मावळातलं कामशेत. पुणे-लोणावळा लोकलवरचंच स्टेशन आहे. रत्नागिरी-चिपळूणकडून कोकण रेल्वेने पनवेल, तिथून बसने लोणावळा, पुढे लोकल. तिथे गवताळ, बुटक्या, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असलेल्या टेकड्या आहेत, त्यामुळे वारा फिरला की टेकडी बदलता येते. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. हिमाचलमधल्या बीड-बिलिंगचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2015 मध्ये तिथे पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली होती. जागा अप्रतिम आहे, पण तिथलं टेकऑफ समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटरवर आणि हवा डोंगराळ. पहिले धडे कमी उंचीवरच बरे.

प्राथमिक कोर्स टप्प्याटप्प्यात असतात, बहुतेक ठिकाणी त्यांना पी-1, पी-2 असं म्हणतात. दोन्ही मिळून आठ-दहा दिवस धरून चला. वाऱ्याने साथ दिली नाही तर जास्त. पहिले दिवस फक्त मैदानात पंख उभा करायला शिकवतात, मग बुटक्या उतारावरून काही मीटर उंचीची छोटी उड्डाणं, मग रेडिओवरच्या सूचना ऐकत टेकडीवरून खाली. पी-2 झालेला माणूस ओळखीच्या जागी, साध्या हवेत, कुणाच्या तरी देखरेखीखाली उडण्याइतपत तयार होतो. कोर्स संपला म्हणजे आपण स्वतंत्र झालो असं मानून गावी येणारे तरुण पाहिले की मला खरोखर काळजी वाटते.

शाळा निवडताना विचारायचे प्रश्न थोडेच, पण उत्तरं स्पष्ट मिळायला हवीत. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात हवेतल्या खेळांसाठीही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे, ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? टेकऑफला एक आणि लँडिंगला एक असे दोन शिक्षक रेडिओवर असतात का? पंख किती वर्षांचे आहेत, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वारा नसेल तर त्या दिवसाचं काय? "काळजी नको, उडवूच" असं उत्तर देणाऱ्यापेक्षा "मग बसून राहू" म्हणणारा शिक्षक मी केव्हाही निवडेन.

घरी आल्यावर: खारा वारा आणि मतलई वारा

शाळेच्या भूगोलात हे दोन वारे आपण सगळ्यांनी पाठ केले. आता ते अंगावर ओळखायचे. सकाळी जमीन गार असते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. ऊन चढलं, जमीन तापली की दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तो जोरात असतो. सुरुवातीला पश्चिमेचा, आणि जसजशी दुपार कलते तसतसा वायव्येकडे सरकणारा. मार्च ते मे या काळात हा वायव्येचा वारा इतका चढतो की नवशिक्याने दुपार सोडूनच द्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने शिकणाऱ्याचे.

समुद्रावरून येणारी हवा गार आणि एकसारखी असते, त्यामुळे घाटावरच्यासारखे तापल्या हवेचे जोरदार झोत किनाऱ्यालगत फारसे मिळत नाहीत. सरावासाठी ही हवा उत्तम.

वारा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, घ्यावं. पण डोळ्यांनी वाचायची सवय त्याआधी लावा. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या असतील तर वारा कमी. लाटांच्या माथ्यावर एखाद-दुसरा पांढरा तुरा दिसायला लागला की ताशी 12 ते 19 किलोमीटर. सगळीकडे पांढरे तुरे दिसायला लागले की 20 च्या वर गेला, त्या दिवशी पंखाची पिशवी उघडायची नाही. कड्यावर काकण (समुद्रगरुड) किंवा घार पंख न हलवता एका जागी तरंगत असेल तर हवा वर चढते आहे. तीच घार अंग चोरून, झटके खात उडत असेल तर हवेत खळबळ आहे. बंदरावरच्या तांडेलाशी बोला. "आज दुपारी वारा उठंल का?" या प्रश्नाला त्याचं उत्तर मोबाइलमधल्या अंदाजासोबत ताडून बघत गेलात तर तुमच्या गावचा वारा तुम्हाला लवकर कळेल.

भरतीचं गणित

पुळणीवर सराव करायचा तर जागा किती उरणार हे भरती ठरवते. जुनी पद्धत आजही कामाची आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाच्या पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती, तीही उधाणाची. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

आता हे वाऱ्याशी जोडा. पौर्णिमेला दुपारी चार वाजता पाणी बरंच ओसरलेलं असतं, खारा वाराही हळूहळू उतरायला लागतो, पुळण रुंद असते. अष्टमीला त्याच वेळी पाणी चढत असतं. दिवस निवडताना पंचांग आणि वाऱ्याचा अंदाज दोन्ही समोर ठेवा. नक्की वेळेसाठी छापील किंवा मोबाइलवरचं भरतीचं वेळापत्रक पाहावंच.

पुळणीवरचा सराव

पंख जमिनीवरच हाताळायच्या सरावाला सगळे ग्राउंड हँडलिंग म्हणतात. चांगले पायलट उड्डाणाच्या तासांपेक्षा या तासांबद्दल आधी विचारतात. टेकऑफला होणाऱ्या अपघातांपैकी पुष्कळ पंख नीट न धरता आल्याने होतात, आणि ही गोष्ट जमिनीवर शिकता येते. आपल्याकडे मैलोन् मैल सपाट, मऊ, मोकळी पुळण आहे. कर्दे-मुरूड, गुहागर, भाट्ये, शिरोडा. घाटावरच्या शिकाऊ पायलटला असं मैदान मिळत नाही.

जागा निवडताना एक नियम काटेकोर पाळा. वारा समुद्राकडून किंवा किनाऱ्याला समांतर असेल तरच पंख उघडायचा. सकाळच्या मतलई वाऱ्यात पुळणीवर सराव करू नका. तो तुम्हाला ओढत पाण्याकडे नेतो, आणि पाण्यात गेलेला पंख लाटेने भरला की माणसाच्या ताकदीबाहेर जातो. सकाळी सराव करायचाच असेल तर आतल्या क्रिकेटच्या मैदानात जा.

खारा वारा असताना ओढ जमिनीकडे असते. म्हणजे तुमच्या वाऱ्याखाली, वारा जातो त्या बाजूला, काय आहे ते बघायचं: सुरूचं बन, उंटवाले, घोडागाडी, वाळत घातलेली जाळी, खेळणारी पोरं. निदान शंभर पावलं मोकळी हवीत. पाण्यापासूनही पन्नास-साठ पावलं अंतर ठेवा. अगदी कोरडी भुसभुशीत वाळू कप्प्यांत शिरते, म्हणून ओलसर, घट्ट पट्टा बरा. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गर्दीत जाऊ नका, दोऱ्या कुणाच्याही पायात अडकू शकतात.

हेल्मेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट. जमिनीवरच राहायचं असलं तरी हे तिन्ही हवेत. सुरुवात ताशी 10 ते 15 किलोमीटर वाऱ्यात करा. पंख उलटा पसरा, कप्प्यांची तोंडं तुमच्यापासून लांबच्या टोकाला, दोऱ्या वरच्या बाजूला. दोऱ्यांत काडी, शंख, गुंता नाही ना ते एकेका बाजूने पाहा. आता वाऱ्याकडे पाठ, पंखाकडे तोंड. पुढच्या दोऱ्यांचे पट्टे, म्हणजे ए-रायझर, एका हातात घ्या, मागचे किंवा ब्रेक (पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या) दुसऱ्या हातात. हलकं ओढत एक पाऊल मागे सरका. आधी पुढची कड फुगून भिंतीसारखी उभी राहील. इथेच थांबा. ही भिंत मिनिटभर तशीच उभी ठेवता येणं हा पहिला धडा. ती एका बाजूने खाली बसत असेल तर दोऱ्यांची ओढ सारखी नाही.

मग ए-रायझर ओढून पंख डोक्यावर आणा. तो डोक्यावर येतो त्या क्षणी मागून हलका ब्रेक द्यायचा, नाहीतर तो पुढे निघून तुमच्यावर कोसळतो. नवीन माणूस इथे हातांनी सगळं करायला बघतो. खरं काम पायांचं आहे. पंख डावीकडे कलला तर तुम्हीही डावीकडे, त्याच्या खाली जायचं. पाय त्याच्याखाली राहिले की हातांना फार करावं लागत नाही. हे अंगात भिनायला आठवडे लागतात, आणि ते लागू द्यावेत.

जोराची झुळूक आली आणि पंखाने ओढायला सुरुवात केली तर घाबरून दोन्ही ब्रेक अर्धे खेचून टाच रोवून उभं राहू नका. पंख त्याने आणखी वारा धरतो. मागचे रायझर हातात घेऊन हाताखाली हात टाकत ओढत सुटा, किंवा एका बाजूचा ब्रेक पूर्ण ओढा, आणि पंखाच्या दिशेने, वळसा घालून पळा. पंख कोसळतो. ही कृती शिक्षकासमोर मुद्दाम घोकून घ्या, कारण खरी गरज पडते तेव्हा विचाराला वेळ नसतो.

सराव झाल्यावर पंख उलटा धरून कप्प्यांतली वाळू झटका. खाऱ्या पाण्याचा थेंब लागला असेल तर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. ऊन, मीठ आणि वाळू हे नायलॉनचे तीन शत्रू आपल्याकडे एकाच जागी आहेत.

सामान

कोर्स होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. नंतर पंख घ्याल तो ईएन-ए वर्गाचाच घ्या. युरोपीय प्रमाणानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत आणि ए हा सर्वांत क्षमाशील. पंखावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती तुमचं वजन अधिक सगळं सामान अशी धरायची. सत्तर किलोचा माणूस सहज नव्वदच्या घरात जातो. हार्नेस पाठीला संरक्षण असलेला, आणि त्यात रिझर्व्ह पॅराशूट हवंच.

नवा पूर्ण संच काही लाखांच्या घरात जातो, म्हणून जुना घेण्याकडे कल असतो. घ्या, पण शिक्षकाला दाखवून, कापडाची आणि दोऱ्यांची तपासणी झालेली पाहून. किनाऱ्यावर वापरलेला, रंग उडालेला, हाताला मऊ-लोळागोळा लागणारा पंख स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

सडा आणि कडा

आता मूळ प्रश्नाकडे. समुद्राचा वारा कड्याला आपटून वर चढतो आणि त्या चढत्या हवेत पॅराग्लायडर तासन्‌तास तरंगू शकतो, हे खरं आहे. पण आपला जांभ्याचा कडा आणि घाटावरचा गवताळ उतार यांत फार फरक आहे.

शिकाऊ पंखाचा हवेतला वेग ताशी 36-38 किलोमीटर असतो, आणि तो फार वाढवता येत नाही. पुळणीवर वारा 25 असेल तर उभ्या कड्याच्या कडेवर तो दाबला जाऊन 35 होऊ शकतो. म्हणजे कडेवर तुम्ही जागच्या जागी थांबता. आणखी थोडा वाढला तर मागे सरकता. आणि कडेच्या मागे, सपाट सड्यावर, वारा गरगरत खाली येतो. त्या भोवऱ्यात पंख एका क्षणात चुरगळतो. खाली कातळ, करवंदीची जाळी, गडग्याचे दगड.

दुसरं गणित लँडिंगचं. 50 मीटर उंच कड्यावरून शांत हवेत असा पंख साधारण 400 मीटर पुढे जातो, चाळीसेक सेकंदांत. समोरून 18 किलोमीटरचा वारा असेल तर ते अंतर निम्मं होतं. तेवढ्यात खाली कोरडी पुळण सापडली पाहिजे, आणि भरतीला कित्येक कड्यांखाली ती नसतेच. पाण्यात उतरणं हा पर्याय नव्हे. हार्नेसचं पाठीमागचं फोम माणसाला तोंडावर पालथं करतं, दोऱ्या हातापायांना गुंडाळतात आणि लाट पंखाला ओढत राहते. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही. म्हणून परतून किनाऱ्याला येता येईल त्यापेक्षा आत पाण्यावर कधीच जायचं नाही.

त्यामुळे पहिलं किनारी उड्डाण अशा जागी करा जिथे उतार तिरका आहे, वारा त्यावर सरळ समोरून येतो, खाली ओहोटीची रुंद पुळण आहे, आणि ती जागा उडून ओळखणारा अनुभवी पायलट सोबत आहे. वायव्येचा वारा असताना भूशिराच्या दक्षिणेकडची आडोशाची बाजू टाळा, तिथे शांत वाटतं पण हवा उलटसुलट असते. वळण नेहमी कड्यापासून बाहेर, समुद्राच्या बाजूला घ्यायचं. समोरून दुसरा पायलट आला तर ज्याच्या उजव्या हाताला कडा आहे त्याला वाट द्यायची, कारण त्याला उजवीकडे सरकायला जागा नसते.

हँग ग्लायडिंगचं काय?

पक्ष्यासारखं पालथं उडायचं आकर्षण मला कळतं. पण भारतात हँग ग्लायडिंग शिकवणारे फार थोडे आहेत, लांब सांगाडा गाडीच्या टपावर न्यावा लागतो आणि उतरायला लांब सपाट जागा लागते. आपली भाताची खाचरं कापणीनंतर मोकळी होतात, पण दर काही पावलांवर बांध असतो. वारा, टेकऑफ, लँडिंगचा अंदाज हे सगळं पॅराग्लायडिंगमध्ये शिकून घ्या आणि ओढ टिकली तर हँग ग्लायडिंगसाठी बाहेरगावी काही महिने काढायची तयारी ठेवा.

परवानगी आणि मदत

किनारा संवेदनशील भाग आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या परिसरात, तटरक्षक दल किंवा नौदलाच्या ठिकाणांजवळ परवानगीशिवाय पंख काढू नका. इतरत्रही पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत आधी कळवा, कारण सणासुदीला किंवा बंदोबस्ताच्या काळात पॅराग्लायडरवर बंदीचे आदेश निघतात. सडा बहुधा कुणाच्या तरी मालकीचा असतो, त्यांना विचारूनच गाडी वर न्या. विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले आहेत का ते वाचा. एकट्याने सराव करू नका, आणि सोबतच्या माणसाच्या फोनमध्ये रुग्णवाहिकेचा 108 आणि समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा 1554 हे दोन्ही क्रमांक असू द्या.

जून ते सप्टेंबर

मृगाचे ढग दिसायला लागले की खेळ बंद. पावसाळी हवेत "मध्येच उघडीप मिळाली" म्हणून कुणी पंख काढू नये, ढगाच्या कडेचा वारा मिनिटांत दुप्पट होतो. पंख पूर्ण वाळवून, सैल घडी घालून कोरड्या, उंदीर न पोचणाऱ्या जागी ठेवा. कोकणातल्या दमटपणात घट्ट बांधलेल्या पिशवीत बुरशी धरते, म्हणून अधूनमधून घरात पसरून हवा द्या. हेच महिने पंख तपासणीला पाठवायचे आणि रिझर्व्ह उघडून जाणकाराकडून पुन्हा घडी करून घ्यायचे. तपासणी करणाऱ्यांकडे दिवाळीच्या तोंडावर रांग लागते, तेव्हा ऑगस्टमध्येच फोन करा.